पेंढ्यातील दुसरी साखर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘विषय आपल्या आवडीचा’ असे पत्रात लिहिले होते. बालरोगतज्ज्ञाकडून लसीकरण, आहार, फार तर परीक्षेच्या दिवसांतील पालकत्व यांवर काही मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी मात्र यंदा यीस्टवर लिहीत आहे, आणि तेही शेतातील पेंढ्यापासून इंधन तयार करणाऱ्या यीस्टवर. या आडवाटेला मी कसा लागलो ते आधी सांगतो.

कार्तिकातील गोष्ट. डबऱ्याकडील एका धानउत्पादक शेतकऱ्याचा सहा वर्षांचा मुलगा त्या मोसमात तिसऱ्यांदा धाप लागून आला होता. नेब्युलायझेशन झाले, मूल सावरले. वडिलांच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. विचारले तेव्हा त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की आदल्या संध्याकाळीच शेतातली नरवाई पेटवली होती. मी त्यांना चांगलेच सुनावले. आपण डॉक्टर मंडळी अशा वेळी फार लवकर न्यायाधीश होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हार्वेस्टर वरच्यावर कापून जातो. मागे गुडघाभर खुंट आणि पसरलेला पेंढा राहतो. धानाच्या पेंढ्याला म्हशी तोंड लावत नाहीत. गहू पेरायला हातात पंधरा-वीस दिवस. आता तुम्हीच सांगा, त्याचे करू काय?”

एका मुलाच्या धापेसाठी एकाच शेताला दोषी धरणे शास्त्राला धरून नाही, हे मलाही कळते. त्या दिवसांत थंडी पडू लागलेली असते, विषाणूंचा मोसम असतो, दिवाळीचे फटाके असतात, घरात चूल असते. परंतु त्याच पंधरवड्यात आपल्या सर्वांच्या दवाखान्यांत धापेच्या मुलांची रांग का वाढते, याचे उत्तर देताना शेतातील धूर वगळताही येत नाही. त्यांच्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. पेंढा जाळायचा नाही, तर त्याचे करायचे काय? मग मी वाचू लागलो, आणि वाचता वाचता मला माझ्याच विषयातील जुने ओळखीचे चेहरे भेटू लागले.

यीस्ट आपल्या व्यवसायाला परके नाही. जुलाब होणाऱ्या मुलांना आपण ज्या ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’च्या पुड्या लिहून देतो, ते पावाच्या यीस्टचेच एक भावंड. हेन्री बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीन या फळांवर सापडले, १९२३ च्या सुमारास. हेपॅटायटिस-बीची लस तर याहून महत्त्वाची. पूर्वी ती रोगवाहकांच्या रक्तद्रवापासून तयार करीत. विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचे जनुक यीस्टच्या पेशीत घालून बनवलेल्या लसीला अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळाली. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने पिकिया नावाच्या दुसऱ्या यीस्टकडून हेच काम करवून घेतले आणि भारतातील लसीची किंमत एकदम खाली आली. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. परवडत नाही म्हणून ही लस न घेता परत जाणारी आईबापांची जोडपी मी पाहिली होती. नंतर ती जाईनाशी झाली. परके जनुक यीस्टमध्ये घालणे म्हणजे काय, याचा आपल्याला असा घरचा अनुभव आहे. लस टोचताना आपण त्याचा विचार करीत नाही, एवढेच.

आता पेंढ्याकडे वळू. गवत, पेंढा, तुराट्या, उसाचे पाचट यांचा सांगाडा मुख्यतः तीन पदार्थांचा असतो. पहिला सेल्युलोज. हा ग्लुकोजच्याच लांब साखळ्यांचा बनलेला आहे. पिठातील स्टार्चही ग्लुकोजचाच. पण त्यातील कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी असल्यामुळे पोळी आपण पचवतो आणि पेंढा पचवू शकत नाही. दुसरा हेमिसेल्युलोज, ज्यात प्रामुख्याने झायलोज नावाची पाच कार्बनची शर्करा असते. तिसरा लिग्निन, म्हणजे या सर्वांना सांधणारा चिवट चुना. भाताच्या पेंढ्यात ढोबळमानाने तिसरा हिस्सा सेल्युलोज, पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका हेमिसेल्युलोज, आणि शिवाय भरपूर सिलिका असते. म्हशी तोंड का लावत नाहीत, याच्या कारणांत ही सिलिकाही आहे.

पेंढ्यातून शर्करा मोकळी करण्यासाठी आधी त्याला आम्ल आणि वाफेने शिजवतात आणि मग विकरांचा म्हणजे एन्झाइमांचा मारा करतात. ही विकरे ज्या बुरशीकडून घेतात तिची जन्मकथा गमतीदार आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे कुजून जाऊ लागले. कुजवणाऱ्या बुरशींचा शोध घेताना जी सर्वांत खादाड निघाली, तिला पुढे एल्विन रीझ या शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीझाय’ असे नाव मिळाले. सैन्याची ती शत्रू आज कारखान्यांत कामाला आहे.

असा शिजवलेला, पचवलेला पेंढा यीस्टपुढे ठेवला की ते त्यातील ग्लुकोज आनंदाने आंबवते. शंभर ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम इथेनॉल मिळते, उरलेला कार्बन डायऑक्साइड. झायलोजला मात्र ते हात लावत नाही. एकूण शर्करेतील जवळजवळ तिसरा हिस्सा तसाच पडून राहतो. एवढा माल वाया घालवून कोणताही कारखाना चालत नाही. गेली चाळीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा ज्या एका कोड्यामागे लागल्या होत्या, ते हेच: पावाच्या यीस्टला ही दुसरी साखर खायला कसे शिकवायचे?

झायलोज हे नाव वाचले आणि मला आमच्या वॉर्डातील एक जुनी चाचणी आठवली. सिलिअॅक किंवा स्प्रूचा संशय असलेल्या मुलाला उपाशीपोटी ५ ग्रॅम डी-झायलोज पाजायचे आणि तासाभराने रक्तातील पातळी पाहायची. आतड्याचे अस्तर शाबूत असेल तर ती रक्तात चढते. ही चाचणी चालते तीच मुळी आपल्या शरीराला या शर्करेचा फारसा उपयोग करता येत नाही म्हणून. ती शोषली जाते, रक्तातून फिरते आणि बरीचशी लघवीवाटे निघून जाते. आता ही चाचणी फारशी कोणी करीत नाही. जी शर्करा आम्ही पाहुणी म्हणून शरीरातून फिरवून आणत होतो, ती गवताच्या काडीकाडीत भरलेली आहे, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. सांगितले असेल, तर आम्ही ऐकले नसेल.

यीस्टची अडचण मला उपजत चयापचयदोषासारखी वाटते. आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०८ मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत ही कल्पना मांडली: एक विकर जन्मतः नसेल, तर त्या जागी वाट अडते, आधीचा पदार्थ साठतो किंवा आडवाटेने निघून जातो. त्यांनी निवडलेल्या चार विकारांत पेंटोसुरिया होता, म्हणजे लघवीतून पाच कार्बनची शर्करा जाण्याचा निरुपद्रवी दोष. यीस्टच्या बाबतीत वाट अडते ती अगदी पहिल्या पायरीवर. झायलोजचे झायल्युलोज झाले, तर पुढचे सारे यीस्टला जमते. तयार झायल्युलोज दिले तर ते त्याचे मद्य करते, हे १९८० च्या सुमारास लक्षात आले होते. म्हणजे प्रश्न एका पायरीचा होता. एका पायरीचा प्रश्न सोपा असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी जनुकोपचाराचा इतिहास आठवावा.

जे डॉक्टर नाहीत त्यांनी पुढील थोडा भाग ओलांडला तरी चालेल. हत्ती येईल तेथे पुन्हा भेटू.

निसर्गात काही यीस्ट झायलोज खातात. ‘पिकिया स्टिपिटिस’ हे त्यातले नावाजलेले. त्यात झायलोजचे आधी झायलिटॉल होते आणि झायलिटॉलचे झायल्युलोज. दोन पायऱ्या, दोन विकरे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो, तसेच युरोपातील काही गट यांनी ही दोन्ही जनुके पावाच्या यीस्टमध्ये घातली. काम झाले, पण अर्धे. पहिले विकर मुख्यतः एनएडीपीएच वापरते, दुसऱ्याला एनएडी लागते. जणू पहिल्या दुकानात एक नाणे चालते आणि दुसऱ्यात दुसरे, आणि प्राणवायूविना मोड करून देणारा सराफ बंद. परिणामी झायलिटॉलवरच गाडी अडते आणि ते साठत जाते. झायलिटॉल आपल्याला ठाऊक आहे ते दात किडू न देणाऱ्या च्युइंगममधून. इंधनाच्या टाकीत त्याचा उपयोग नाही.

जीवाणूंमध्ये दुसरी वाट असते. झायलोज आयसोमरेज हे एकच विकर झायलोजचे थेट झायल्युलोज करते, नाण्यांची अदलाबदल नाही, मोड नाही. मात्र जीवाणूंची ही जनुके यीस्टमध्ये घातली, की विकर एक तर नीट घडतच नसे किंवा इतके मंद चाले की असून नसल्यासारखे. वर्षानुवर्षे हे प्रयत्न फसत राहिले.

आणि येथे हत्ती येतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी भारतीय हत्तीच्या विष्ठेतून एक बुरशी वेगळी केली होती, ‘पायरोमायसिस’ या प्रजातीची. हत्ती रवंथ करीत नाही. त्याचा चारा मोठ्या आतड्यात आंबतो, आणि तेथे प्राणवायूशिवाय जगणाऱ्या अशा बुरशी गवताचे धागे फोडत असतात. या बुरशीत झायलोज आयसोमरेज होते आणि बुरशी ही यीस्टची जवळची नातलग. डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठाच्या गटाने २००३ मध्ये दाखवले, की हत्तीच्या पोटातले हे जनुक पावाच्या यीस्टमध्ये उत्तम चालते. गजाननाच्या दहा दिवसांत ही गोष्ट मी मंडपातील मुलांना सांगितली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, की हत्तीची शी गोळा कोणी केली? शास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न फार कमी विचारला जातो.

विकर चालले, तरी यीस्ट झायलोजवर अतिशय रडतखडत वाढत होते. संख्या दुप्पट व्हायला काही दिवस. मग डेल्फ्टच्या चमूने २००५ मध्ये जे केले, ते वाचताना मला एका बाळाची आठवण झाली. आम्ही शिकत असताना तीन आठवड्यांचे एक अर्भक आले होते. दूध सुरू झाल्यापासून उलट्या, कावीळ, यकृत मोठे. लघवीची बेनेडिक्ट चाचणी सकारात्मक, ग्लुकोजची पट्टी मात्र कोरी. आमच्या सरांनी बॅटरीच्या प्रकाशात बाळाचे डोळे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, गॅलॅक्टोसेमिया. गॅलॅक्टोजची नेहमीची वाट अडली, की डोळ्याच्या भिंगातील अॅल्डोज रिडक्टेज हे विकर त्याचे गॅलॅक्टिटॉल करून टाकते. ते बाहेर पडू शकत नाही, पाणी ओढून घेते आणि मोतीबिंदू होतो. दूध बंद करणे हाच उपाय होता.

याच कुळातले एक विकर यीस्टमध्येही आहे. ते झायलोजचे झायलिटॉल करून टाकते, आणि झायलिटॉल आपल्या हत्तीकडच्या विकराला अडवते. आम्हाला त्या बाळाच्या भिंगातील विकर काढता आले नाही; डेल्फ्टमध्ये त्यांनी यीस्टचे ते जनुकच काढून टाकले. शिवाय झायल्युलोज ज्या वाटेने पुढे जाते, त्या पेंटोज फॉस्फेट मार्गावरची चार विकरे वाढवली. त्यात ट्रान्सकीटोलेज होते, थायमिनवर चालणारे, बेरीबेरीच्या पाठात आपण घोकलेले. एवढे झाल्यावर यीस्ट प्राणवायूशिवाय झायलोजवर वेगाने वाढू लागले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या झायलोजवरच ठेवून, जो वेगाने वाढेल तो उरेल, असे निवडतनिवडत ते आणखी तरबेज केले. प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू आपण नकळत घडवतो, तीच युक्ती येथे जाणूनबुजून वापरली.

अडचणी उरल्याच. ग्लुकोज समोर असेपर्यंत झायलोजला पेशीच्या दारातून आत येऊ देत नाहीत, कारण दोघांचे दार एकच. २०१४ मध्ये फ्रँकफर्ट येथील संशोधकांनी त्या दाराच्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलून झायलोजसाठी वाट मोकळी केली. पेंढा शिजवताना अॅसेटिक आम्ल आणि फरफ्युरलसारखी विषे तयार होतात, त्यांत तग धरणारे यीस्ट लागते. या साऱ्यावर उपाय निघाले आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे यीस्ट आपला धडा बऱ्यापैकी शिकले आहे.

मग कारखाने का चालत नाहीत? अमेरिकेत आयोवा राज्यातील नेव्हाडा येथे ड्यूपाँटने २०१५ मध्ये वर्षाला ११ कोटी लिटर क्षमतेचा कारखाना उघडला आणि २०१७ मध्ये तो विकायला काढला. कॅन्ससमधील अबेंगोआचा कारखाना २०१४ मध्ये सुरू होऊन पुढच्याच वर्षी थांबला. क्लॅरियंटने रोमानियात पोदारी येथे २०२२ मध्ये काढलेला कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला. कारणे वेगवेगळी, तरी त्यांत एक समान धागा आहे. पेंढा हलका, पसरलेला, ओला आणि मातीने भरलेला. तो वर्षातून तीन आठवडे मिळतो आणि कारखान्याला बारा महिने लागतो. तेलाच्या विहिरीसारखा तो एका जागी उभा नसतो.

आपल्याकडे इंडियन ऑइलच्या पानिपत येथील प्रकल्पाचे लोकार्पण १० ऑगस्ट २०२२ रोजी झाले. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला पानिपत या नावाने होणारी चलबिचल क्षणभर बाजूला ठेवू. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, असे आकडे त्या वेळी जाहीर झाले. भागाकार केला तर टनाला १५० लिटर. दोन्ही शर्करा पूर्णपणे मोकळ्या होऊन पूर्णपणे आंबल्या, तर माझ्या कागदावरच्या गणिताने कोरड्या पेंढ्याच्या टनाला चारशेच्या आसपास यायला हवेत. ओलावा, माती, न फुटलेला सेल्युलोज आणि यीस्टचा स्वतःचा घास वजा जातोच. पण एवढी तफावत केवळ यीस्टची नव्हे, हे लक्षात घ्यावे.

हा विषय बालरोगतज्ज्ञाचा का, याचे आणखी एक कारण आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. ते इथेनॉल मुख्यतः ऊस, तांदूळ आणि मका यांचे आहे, पेंढ्याचे नव्हे. मका इथेनॉलकडे वळल्यापासून कोंबड्यांचे खाद्य महागले, अशी कुक्कुटपालकांची तक्रार आहे. कुपोषित मुलाच्या आईला ‘रोज एक अंडे’ असे सांगताना त्या अंड्याची किंमत मला विसरता येत नाही. धान्याऐवजी काडी आंबवता आली, तर धूर आणि अंडे असे दोन्ही प्रश्न काही अंशी हलके होतील. म्हणून या यीस्टकडे माझे लक्ष आहे. मात्र ‘शेतकऱ्याला आता काडीचेही पैसे मिळणार’ अशा छापाचे मथळे वाचले, की मी जरा सावध होतो. नव्या औषधाच्या पहिल्या जाहिरातीने सावध व्हावे, तसाच.

फाल्गुनात ते वडील मुलाला घेऊन तपासणीला आले. मूल ठीक होते. मी त्यांना सारे सांगितले. हत्तीची गोष्ट ऐकून बापलेक दोघेही मनापासून हसले. मग त्यांनी विचारले, “पानिपत किती लांब?” येथून चारशे किलोमीटरच्या आसपास, मी म्हणालो. ते म्हणाले, “ट्रॉली भरली तर डोंगर दिसतो साहेब, वजन काहीच भरत नाही. डिझेलचे पैसे कोण देणार?” त्यांच्या गावातील तिघे-चौघे मिळून सुपर सीडर यंत्र भाड्याने आणण्याच्या विचारात आहेत, म्हणजे पेंढा मातीत मिसळून त्याच फेरीत गहू पेरता येईल. यंत्र वेळेवर मिळाले तर. नाही मिळाले तर काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि या वेळी मीही सुनावले नाही.

मुलाला स्पेसर लावून पंप कसा घ्यायचा, ते पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितले. दोन चुका होत्या, त्या सुधारल्या. प्रतिबंधक इनहेलर या वर्षी आधीच सुरू करायचा असे ठरले. केसपेपरवर पुढील तपासणीची तारीख मी आश्विनातली घातली आहे, धानाच्या कापणीच्या आधीची.